खालून वर

प्रिय बाबा,

फोनवर हे काढलं असतं तर तुम्ही गुपचूप आईच्या हातात फोन दिला असता, म्हणून पत्र.

आधी खुशाली. खोली छान आहे. समोरच्या बेकरीचा वास दिवसभर आत येतो आणि मी दोन किलोंनी वाढले आहे. आईला सांगू नका. ऑफिसात आमचा मोठा तक्ता चालला होता: सहा देशांत कोणाची आर्थिक वाढ टिकेल अशी आहे, आणि मागेल त्याला काम मिळेल इथवर कोण पोचलंय, याची तुलना. आपला देश दुसरा आला. चार वर्षांत बेकार निम्म्यावर! साहेबांनी सगळ्या मजल्याला चहा पाजला. तक्ता तपासल्याची सही माझी होती.

तरी मला चैन पडेना. शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने बेरजा शिकवल्यात, आणि वरून खाली आलेली बेरीज खालून वर केल्याशिवाय उठू देत नव्हतात. ती खोड गेलेली नाही. सही केल्यावर दुसऱ्या दिवशी मी तक्ता खालच्या ओळीपासून वाचला. तिथे असतात ‘कामाबाहेरचे’, म्हणजे ज्यांना काम नाही आणि जे शोधतही नाहीत. त्यांना आम्ही बेकार धरत नाही. आपल्याकडे तीच ओळ फुगली होती. कमी झालेल्या बेकारांपैकी कितीतरी जण कामावर गेलेच नव्हते, शोधून दमून घरी बसले होते.

नोकरी गेली असं समजूनच मी आमच्या विभागाच्या मॅडमकडे गेले. त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे सरकवला आणि तिथेच बसवून माझ्याकडून नवा रकाना काढून घेतला: ‘शोधत नाहीत, पण मिळालं तर करतील’. तो धरल्यावर आपण पाचवे. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण रकाना छापला गेला. मला गाढ झोप लागते आहे.

आता खरं काम. आमच्या तक्त्यासाठी घरोघरी माहिती विचारणाऱ्या पाहणीवाल्या ताई आपल्याकडेही येऊन गेल्या, असं आई म्हणाली. काम मिळालं तर कराल का, असं त्यांनी विचारलं, तर तुम्ही हसून म्हणालात, छे, आता आराम. (तुमचा फॉर्म मी उघडलेला नाही, शपथ.) कारखाना बंद होऊन तीन वर्षं झाली, तरी दर रविवारी तुम्ही लेथची हत्यारं तेलाने पुसून फडक्यात बांधून ठेवता, हेही आईच सांगते. ताई पुढच्या महिन्यात परत येतील. तुम्हाला उत्तर सुचवणं नियमात बसत नसेल, या भीतीने मी आधी मॅडमना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, “खरं सांगा म्हणायला परवानगी कसली मागतेस?” तेव्हा एवढंच सांगते, बाबा. उत्तर देण्याआधी एकदा खालून वर करून बघा.

तुमचीच,
शंकेखोर