बिनविटेचं घर

दापोडी,
ता. ९ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप सयाजीमामांच्या पायाशी भाचा कोंडीराम याचा नमस्कार पोचावा. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, भिंतीही आहेत. तुमचा दमा कसा आहे? भट्टीच्या धुरात बसू नका असं मामी सांगून थकल्या, तिथे माझं काय ऐकणार. तरी लिहितो.

तुमच्या कानावर आलंच असेल, की ज्याला तुम्ही चाकणच्या भट्टीवर विटा रचायला शिकवलंत तो भाचा आता विटेला शिवत नाही. (रागावू नका, पुढे वाचा.) पिंपरीच्या कामगारांची सोसायटी घरं बांधणार आहे आणि ती मी तयार भिंतींचीच बांधणार आहे. जमिनीवर साचा मांडून भिंत आडवी ओतायची, पाणी मारत पिकू द्यायची आणि क्रेननं उचलून उभी करायची. चौकट आणि कोनाडे तिच्यातच. जवळचं होतं नव्हतं ते या साच्यांत घातलंय, त्यामुळे आता मागे फिरणं नाही. नमुन्याचं एक घर उभंही केलंय आणि त्यात औषधालाही वीट नाही.

आता थोडं विघ्नाचं. चौकट भिंतीसकटच आल्यामुळे चौकटीची पूजा कधी करायची, यावर बायकांत मोठी खळबळ झाली. मी तोडगा काढला. तुमच्या भाचेसुनेला, जाईला म्हटलं, प्रत्येक भिंतीच्या बाहेरच्या अंगाला कुंकवाचं बोट लाव, म्हणजे पूजाही झाली आणि खूणही. क्रेनवाल्याला सांगितलं, कुंकवाची बाजू बाहेर. एवढं करून मी सोसायटीच्या अण्णासाहेबांना आणायला गेलो. (चूक म्हणायची तर एवढीच.) जाईनं तीन भिंतींना बरोबर बोट लावलं. दर्शनी भिंतीत मात्र देवाचा कोनाडा होता. तिनं आतल्या बाजूला, कोनाड्याखालीच हळदीकुंकू वाहिलं. नंतर मला म्हणते, "देवाकडं पाठ करून कुणी कुंकू लावतं व्हय?"

आम्ही पोचलो तेव्हा भिंत उलटी उभी होती, सांधे सिमेंटनं भरले होते आणि उसनी आणलेली क्रेन निघून गेली होती. आता देवाचे आणि भांड्यांचे कोनाडे रस्त्याकडे आहेत. आतली कडी बाहेरून लागते. दूधवाला एका कोनाड्यात माप ठेवतो, दुसऱ्यात कुणाची तरी तंबाखूची पिशवी असते. अण्णासाहेबांनी शांतपणे घराला एक फेरी मारली आणि म्हणाले, "कोंडीराम, भिंत पक्की हाय, न्हाई म्हणत न्हाई. पर वीट न्हाई त्या घरात कुणी ऱ्हाईल का? बांधकामातलं कळणारा मानूस बायकोसंगट आठवडाभर ऱ्हाऊन दाखवू दे. मग मतं घेऊ." सभा पुढल्या रविवारी आहे. त्यांनी नाही म्हटलं तर अंगणभर पिकत पडलेल्या भिंतींवर मला शेवया वाळवाव्या लागतील. पण मी हटणार नाही. पुढल्या भिंतीवर कुंकू मी स्वतः लावणार.

मामींना नमस्कार. धूर टाळा.

तुमचाच,
कोंडीराम

ता. क. : पत्र माणसाहाती पाठवतोय, तुम्ही आणि मामी उद्याच्या गाडीनं निघून नमुन्याच्या घरात आठवडाभर राहा. चाकणचा वीटभट्टीवाला त्या घरात राहिला तर सोसायटीत कुणाचं तोंड उघडणार नाही. तिथे धूरही नाही. जाई म्हणते, मामींनी आधी आत पाऊल टाकलं तरच ती टाकेल. कडीचं मनावर घेऊ नका, बाहेर मी बसेन.

आणखी ता. क. : येताना भट्टीवरच्या चांगल्या भाजलेल्या थोड्या विटा आणा. रस्त्याकडचे कोनाडे बुजवायचे आहेत. वरून पोतं टाका, अण्णासाहेबांना दिसू नयेत.