सातव्या विभागातील वर्तुळाचे प्रयोजन

अखिलचतुष्कोणचक्रवर्ती, काटकोनकुलभूषण, वक्ररेषाविध्वंसक, धूम्रदिशानिर्णायक, सेवानिवृत्त नगररचनाकार तीर्थस्वरूप दाजी यांच्या सरळरेषेत ठेवलेल्या चरणांशी धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त सहाच अंगे वाकली आहेत, उरलेली दोन प्रत्यक्ष भेटीत).

आपला रक्तदाब आणि ताईचा राग, दोन्ही आटोक्यात असावेत. इकडे आई ठणठणीत आहे. युद्ध संपल्यावर उजाड माळावर आपण पूर्वेस कारखाने, पश्चिमेस घरे आणि मधे वृक्षांचा पट्टा आखलात, धूर आपली आज्ञा शिरसावंद्य मानून अद्याप पूर्वेसच जातो (मंगळवार वगळता, मंगळवारी आम्ही चादरी वाळत घालतो).

आता मूळ विषय. आपल्या नगरातील एकशे बारा रस्त्यांपैकी एकशे अकरा बाणासारखे सरळ आहेत. अपवाद सातव्या विभागातील वर्तुळाचा. रिकाम्या गवताभोवती फिरून निघाल्या ठिकाणी परतणाऱ्या या मार्गाचे जन्मरहस्य आपण, ताई आणि मी अशा तिघांनाच ठाऊक आहे. आपण नकाशावर समाधिस्थ होतात. चार हाका मारून थकलेल्या ताईने चहाचा पेला थेट सातव्या विभागावर आदळला आणि ‘निवला तर पुन्हा गरम करून मिळणार नाही’ असे बजावले. बुडाचा डाग उमटला. नक्कल करणाऱ्या आरेखकाने तो भक्तिभावाने शाईत उतरवला आणि ठेकेदाराने डांबरात. उद्घाटनाच्या दिवशी आपला चेहरा किती अंशांनी उतरला, हे फितीचे दुसरे टोक धरून मी पाहिले आहे.

परंतु दाजी, एकही रस्ता न ओलांडता चालता येईल अशी नगरात तेवढीच जागा आहे! पाळी सुटलेले कामगार तिथे बूट काढून गवतात पाय पसरतात, आणि आई गेली अठरा वर्षे तिथे सकाळ-संध्याकाळ तीन फेऱ्या मारते. ‘जावईबापूंनी माझ्या गुडघ्यांसाठी मुद्दाम काढलाय हो,’ असे ती भेटेल त्याला ऐकवते (रस्ता झाला तेव्हा गुडघे शाबूत होते, हा माझा आक्षेप फेटाळण्यात आला).

आता पालिकेला त्या वर्तुळाच्या नोंदीत ‘प्रयोजन’ हा रकाना कोरा आढळला असून तिथे मालमोटारींचा तळ करण्याचे घाटत आहे. आईला घेऊन मी कचेरीत गेलो आणि पाऊण तास वक्तृत्वाची शर्थ केली. मोजणी अधिकारी म्हणाला, “काका, भाषण झकास. पण ज्यांनी आखलं, त्यांच्या सहीचं लेखी आणा.” मी घसा खाकरेपर्यंत आई बोलून गेली, “आणतो की! आमचे जावई खोटं म्हणून बोलायचे नाहीत.”

इथेच सारा घोटाळा आहे. आपण खरोखरच खोटे बोलत नाही. ताईने विणलेल्या पहिल्या स्वेटरविषयी आपण जे सत्य उच्चारलेत, त्याचे पडसाद आमच्या घराण्यात अजून विरलेले नाहीत. असो. आपल्या सत्यनिष्ठेला धक्का लावण्याचे पाप माझ्या हातून घडणे नाही. प्रकृतीस जपावे.

आपल्याच आराखड्यात राहणारा,
मेव्हणा

ता. क. मोजणी अधिकारी गुरुवारी दुपारी आपल्याकडे येत आहे. अर्ज मी भरून दिला आहे. प्रयोजन : ‘आईच्या फेऱ्या’ (अठरा वर्षांपुरते तरी शंभर टक्के सत्य). खाली ‘मूळ आखणी करणाऱ्याची सही’ अशी जागा आहे. तिथे ताईने सही करावी. आपण केवळ पेन पुढे करावे आणि चहा घेत बसावे. पेला कृपया बशीतच ठेवावा.

ता. ता. क. आमच्या स्वयंपाकघराचे दार उघडे असले की न्हाणीघराचे दार उघडत नाही. काल आई निवांत वाटाणे सोलत बसली होती आणि मी साबणासह आत. हेसुद्धा आपण मुद्दामच केले आहे, असे ती म्हणते. कशासाठी, ते कळवावे.