व्हिटॅमिनची बाटली

३ मार्च
दोन रेघा! न्हाणीघरात नळ सोडून रडले. आनंदानंच. मग आठवलं — गोळ्या.
नवऱ्याला फोन. ट्रकच्या घरघरीत त्याला ऐकूच येईना. "परत सांग, परत सांग!" शेवटी कळलं तेव्हा हॉर्न वाजवत सुटला. गाढव! महिनाभर तरी यायचा नाही.

४ मार्च
झटक्यांच्या गोळ्या मी व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवते. लग्नापासून. माझ्या आईची शिकवण — "सासरी ताकास तूर लागू देऊ नकोस." गोळी चुकवली नाही, झटका आला नाही. नवऱ्यालाही पत्ता नाही.
आज कामावर, चष्म्याच्या दुकानात, मोबाइलवर वाचलं. या गोळीनं पोटातल्या बाळाच्या मणक्यात व्यंग राहू शकतं. फोन पालथा ठेवला. नंतर चष्म्याच्या काचा काही धड बसेनात.

७ मार्च
सासूबाई स्वतः बाटली घेऊन समोर! "आता दोघांचं बघायचं गं. एक नाही, दोन घे." गिळेपर्यंत हलल्या नाहीत. जिभेखाली धरल्या, मोरीत थुंकल्या. इतक्या मायेनं मला कुणी कधी काही दिलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

८ मार्च
परत थुंकल्या.

१२ मार्च
नणंद माहेरपणाला आली. तिलाही दिवस गेलेत! मोरीपाशी ओकाऱ्यांसाठी दोघींचा नंबर. "आधी मी, वहिनी!" सगळे हसले, मीही हसले. हसताना जास्तच एकटं वाटलं.

१५ मार्च
दुकानातून परस्पर डॉक्टरीणबाईंकडे. भडकल्याच. "आपल्या मनानं बंद केलीस? झटका आला, पडलीस, म्हणजे दोघांच्याही जिवाशी खेळ! मूल हवंय म्हणताना आधीच यायचं होतंस, तेव्हाच बदलली असती." मेंदूच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, दुसरी गोळी लिहून दिली.
"बाळ नीट असेल ना?"
"बहुतेक बाळं नीटच असतात. सोनोग्राफीत बघू. घरी सांगून टाक आधी."
तेवढंच मला जमत नाही.

१६ मार्च
थाप मारली — डॉक्टरीणबाईंनी नवं व्हिटॅमिन दिलंय. सासूबाईंना पटलं. सुटले! जुनी बाटली फडताळात तशीच. फेकली तर विचारतील.

२४ मार्च
नवरा फोनवर बाळाची नावं सुचवत होता. एकेक भयंकर! आज सांगू, आता सांगू म्हणता म्हणता रेंज गेली. बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

२७ मार्च
फडताळ पुसताना बाटली उचलली. तळाशीच खुळखुळली. मी तर हात लावला नव्हता.
सासूबाई म्हणाल्या, "वाया कशाला घालवायच्या? हिला देते ना रोज दोन. वहिनीचंच तर आहे, परकं थोडंच!"
नणंदेच्या तळहातावर दोन गोळ्या. दुसऱ्या हातात पेला.
मी गोळ्या हिसकावून घेतल्या. म्हटलं, "आई, मला झटके येतात."