पहिलं शील म्हणताना

गुरुजी, आत्मा-बित्मा काही नसतो असं तुम्ही जन्मभर सांगत आलात आणि तुम्ही गेल्यावर मी तुम्हालाच लिहायला बसले आहे. रागवा हवं तर. पण हे दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही. थोरल्या भावाची मुलगी अकरावीसाठी माझ्याकडे वर्ध्याला राहायला आली. पहिले काही महिने बरी होती. दिवाळीनंतर तिचं जेवण तुटलं, मग बोलणं तुटलं, आणि एक दिवस माझ्याबरोबर भांडी घासता घासता ती म्हणाली, "आत्या, मी नसली तर कोणाचं काही अडणार नाई ना?" शाळेत दिवसभर पोरींवर ओरडून माझा घसा बसलेला होता. मी चिडकी बाई आहे, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? पण तेव्हा चिडले नाही. तुम्ही मला विचारलं होतं तसं तिला सरळच विचारलं, आणि ती हो म्हणाली. तेव्हापासून मी जी थकले आहे ती थकलेच आहे.

माझं ते वर्ष आणीबाणीतलं. बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी नापास होऊन मी होस्टेलची पेटी घेऊन गावी परतले होते. आई सगळ्यांना सांगत होती, पोरीला सुट्टी लागली. समुद्रपूरच्या बाजारातही तेच सांगून आली. आपल्या बौद्धपुऱ्यातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे माझं नापास होणं माझ्या एकटीचं राहिलं नव्हतं. पण खरं सांगू, नापास होणं हे कारण नव्हतंच. त्याआधीपासून मला सकाळ नको वाटायची. कारण विचाराल तर धड एकही सांगता आलं नसतं, आणि कारण नाही याचीच मला जास्त लाज वाटे. मनात काय घोळत होतं ते कोणाला कळू नये म्हणून मी जास्त हसत होते, विहिरीवरच्या बायकांची टिंगल करत होते. आईला वाटलं, पोरगी सावरली.

पौर्णिमेची वंदना होती. बाया कापूस वेचून थेट विहारात आल्या होत्या, कोणाच्या केसांत अजून कापसाचे पुंजके अडकलेले. शिकलेली म्हणून तुम्ही मला पुढे बसवलंत. मी म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. त्रिशरण झालं. पंचशील सुरू करताना मी पहिलं गाळलं आणि एकदम दुसऱ्यापासून म्हणायला लागले. मागे कुजबूज झाली, कोणीतरी हसलं. तुम्ही जागेवरूनच म्हणालात, "कॉलेजात जाऊन पंचशील विसरली काय वो बाई?" सगळे हसले. मी म्हटलं, "विसरली नाई, गुरुजी." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, मग तुम्हीच पहिलं शील म्हटलंत, प्राण्याची हिंसा करणार नाही, आणि पुढचीही तुम्हीच म्हटलीत. मी ओठ मिटून बसले होते.

लोक गेल्यावर तुम्ही मला सतरंज्या गोळा करायला थांबवलंत. आईला म्हणालात, "जा तू, मी आणून सोडतो तिले." सतरंजीचं एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या. तुम्ही विचारलंत, "विसरली नाई, तं मंग काऊन सोडलं?"

"खोटं कसं म्हणू? जीव घेणार नाई म्हणायचं अन् मनात दुसरं ठेवायचं? खोटं बोलू नको हेही शीलच हाय ना, गुरुजी?"

आज ते आठवलं की हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. मरायचा विचार करणाऱ्या मुलीला खोटं बोलण्याचं पाप नको होतं! असला हिशोब आपल्याच लोकांतली पोरगी करणार.

तुम्ही सतरंजी खाली ठेवलीत. "पोरी, मरायचं मनात येऊन राह्यलं काय?" इतकं सरळ. मी मान हलवली. तुम्ही मला धीर द्याल, नाहीतर रागवाल, असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "मले भेव वाटून राह्यलं. पण तू सांगितलं हे लय बरं केलं. अन् चारचौघांत बोललो, ते चुकलं माझं." मग म्हणालात, "हे माझ्या पोटात राह्यणार नाई. तुझ्या मायले सांगतो." मी रडले, भांडले, तुम्हाला नको ते बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि तरी सांगितलंत.

पोरीवरचं संकट टळावं म्हणून आईनं विहारात परित्राण पाठ करायचा हट्ट धरला. तुम्ही म्हणालात, "करू ना. तुझ्या मनाले बरं वाटंल. पण तिले डॉक्टरलेही दाखवू." तिच्यासमोर वाद घातला नाहीत. पाठ झाला, आणि त्याच आठवड्यात शाळेची रजा टाकून तुम्ही आम्हा दोघींना एसटीनं वर्ध्याला घेऊन गेलात. दवाखान्यात लोकांनी विचारलं की पोरीला काय झालं, तर तुम्ही सांगायचात, "मन दुखते तिचं," जणू कोणाचं पोट दुखतंय.

आणि मग तुमचं ते रोजचं येणं! शाळा सुटली की सायकल आमच्या दारात. कधी मला घरी घेऊन जायचात, तिथं काकू तुरीच्या शेंगा सोलायला माझ्यापुढे टाकायच्या आणि गावभरच्या गप्पा सांगायच्या. उपदेश कोणी केला नाही. मयतीच्या घरी तुम्ही मोहरीच्या दाण्याची गोष्ट हमखास सांगायचात, मला एकदाही सांगितली नाहीत. वाद मीच उकरून काढला. बुद्धानंच सांगितलंय ना, दुःख आहे म्हणून? मग ते संपवलं तर कुठं बिघडलं? निर्वाण म्हणजे विझणंच ना? काकू सोलता सोलता थांबल्या. तुम्ही म्हणालात, "मले विचार करू दे." गावातला सगळ्यात जाणता माणूस असं म्हणतो, याचं मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही उत्तर घेऊन आलात. "जगायची जशी तृष्णा असते ना, तशी नसण्याचीही असते. तिलेही बुद्धानं तृष्णाच म्हटलं हाय. तुले वाटते तू सगळं सोडून राह्यली. तू सोडून नाई राह्यली बाई, तू मागून राह्यली. ते मागणं येते अन् जाते. आलं का मले सांगजो. ते जाईपर्यंत मी बसतो तुझ्यापाशी." मला ते काही पटलं नाही, गुरुजी. तेव्हा मला काहीच पटत नव्हतं. पण ते आलं की मी सांगायला लागले, आणि तुम्ही बसायला लागलात. कधी नुसतेच बसायचात, पंच्यानं घाम पुसत. मला तुमचा राग यायचा. हा माणूस थकत कसा नाही, असं वाटायचं. हळूहळू ते येणं विरळ झालं. कधी विरळ झालं, ते माझं मलाही कळलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीवर रुजू झाले होते. पुण्यानुमोदनाला आले तर काकू म्हणाल्या, "तुह्या त्या वर्षी झोप नोती त्याइले. सकाळी तुमच्या दारावरून चक्कर टाकत, तू आंगण झाडताना दिसली, तवाच चहा घेत." म्हणजे थकत होतात तुम्ही. मला दाखवलं नाहीत, एवढंच.

मी सगळं तुमच्यासारखंच करते आहे. भावाला सांगितलं, तो म्हणाला, पोरीचे नखरे आहेत. त्याच्याशी भांडले. डॉक्टरकडे नेते, औषध हातात देते, शेजारणीला सांगून ठेवलं आहे. तुमची तृष्णेची गोष्टही मी तिला सांगितली; तिनं जांभई दिली. परवा माझ्यावर ओरडली, "आत्या, तू रोज रोज काऊन विचारते?" मला बरं वाटलं. ओरडायला अंगात जोर लागतो. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. लागू दे. पण तुमच्यासारखं शांत चेहऱ्यानं बसणं मला जमत नाही. सकाळी तिला उठवायच्या आधी मी तिच्या दाराशी उभी राहते, श्वास धरून, आतून काही ऐकू येतं का बघत. रोज. कोणाला दिसत नाही असं मला वाटायचं.

आज तशीच उभी होते. आतून तिचा आवाज आला, "आत्या, हाय मी. ये आत." मी लगेच गेले नाही, गुरुजी. मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडाला पदर लावून रडले. मग तोंड धुऊन आत गेले आणि तिला म्हटलं, ऊठ, शाळेला उशीर होतोय माझ्या.