संध्याकाळचं पाणी

एडिनबर्ग
१० नोव्हेंबर २०२४

ती. सिंधूआत्यास,
मंजूचा जय भीम वि. वि.

रविवारी फोन झाला, तरी हे पत्र लिहिते आहे. तुला फोनपेक्षा पत्र आवडतं, आणि त्यावरचं परदेशी तिकीट साऱ्या गल्लीला दाखवायला त्याहून आवडतं, असं बाबा सांगत होते.

काल आमच्या वर्गाची सहल होती. आत्या, मी आपल्या मिठाच्या पुस्तकाच्या गावाला जाऊन आले! तू वाचलेलं पहिलं अख्खं पुस्तक. मी चौथीत होते आणि तू बत्तीस वर्षांची. मी पाटीवर अक्षर काढून द्यायचे, तू गिरवायचीस. खामगावच्या बाजारात मिळालेलं ते भाषांतर तू पावसाळाभर ओळीखाली बोट ठेवून वाचलंस, आणि मासे खारवणाऱ्या त्या गावावरून माझ्याशी भांडलीस, की एवढं मीठ कुठं असते काय. असतं. समुद्राकाठी मिठाची दगडी कोठारं अजून उभी आहेत. गाव मात्र पिंपळगावपेक्षाही लहान.

लेखिकेचं घर आता सगळ्यांना पाहायला खुलं आहे. तिचीच भाची दाखवते, सत्तरीची असेल. तुझी गोष्ट सांगितली तर तिनं माझा हात धरला आणि तुझं नाव तीनदा म्हणून पाहिलं. सिंदुताय असं काहीतरी जमलं.

स्वयंपाकघरात एक फोटो आहे. लेखिकेची आई, हातात लेकीचं पहिलं पुस्तक, आणि ते उलटं धरलेलं. सगळे हसले. मीही हसले. मग भाची म्हणाली, की त्या बाईला शेवटपर्यंत अक्षरओळख नव्हती. लेकीच्या गोष्टी जगानं वाचल्या, पण आईला एक ओळ शिकवायचं घरात कोणाला सुचलं नाही.

आत्या, मला तिथून पुढच्या खोलीत जाता येईना. माझं शिष्यवृत्तीचं पत्र आलं त्या दिवशी आईनं तो कागद किती वेळ हातात धरला होता, आणि मी वाचून दाखवत होते तुला आणि बाबांना. तुला शिकवलं म्हणून मी आजवर किती मिरवलं! मग आईला का नाही शिकवलं? आपण दोघी पाटी घेऊन बसायचो तेव्हा ती कुठे असायची, हेच मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर खरं खरं सांग.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. माझ्यावर आहे तितका जीव राहू दे.

तुझी,
मंजुश्री


पिंपळगाव राजा, ता. खामगाव
८ डिसेंबर २०२४

चि. मंजुश्रीस,
आत्याचा जय भीम अन् लय लय आशीर्वाद.

मायले वाचून दाखवू नको, हे तू लिहिलं साऱ्याच्या शेवटी. तवरोक मी अर्धं पत्र मोठ्यानं वाचून मोकळी झाली होती. असं काही असलं त वरच लिहित जाय. फोटोपाशी आली अन् माहीच जीभ अडकली. वहिनी म्हने, काऊन थांबली, शाई पुसली काय. मी हो म्हनलं.

तू विचारलं, माय कुठं राहे. हापशीवर राहे. संध्याकाळचं पानी माह्या वाट्याचं होतं. वहिनी दिवसभर लोकाच्या वावरात निंदून ये, अन् तशीच पितळी गुंड घेऊन हापशीवर नंबर लावे. सहा खेपा करे. कोनी विचारलं त सांगे, सिंधूची कंबर धरली.

त्याचं कारन तुले मालूम नाही. तवा तू लहान होती. सासरी माह्याकडून एका कागदावर आंगठा घेतला, राशनचा कागद हाये म्हने. तो सोडचिठ्ठीचा निंघाला. मी माहेरी आली त कोनी रडलं, कोनी बोल लावला. वहिनी एवढंच बोलली, का यापुढं वाचल्याबिगर एकही कागद हातात धरायचा नाही. पोरीपाशी बस, म्हने, तिले शिकवायची हौस हाये. मी म्हनलं, तू बी बस. त म्हने, दोघी बसलो त पानी कोन भरन? मले नवरा हाये, तुले अक्षर पाह्यजे.

कोनाले सांगू नको म्हनून तिनं शपथ घातली होती. आज मोडली. खरं सांगू काय मंजू, मले बी इतके वर्ष वाटे, का आपन हुशार म्हनून शिकलो.

आता घरात नळ हाये. तिच्यापाशी बहाना नाही. उद्यापासून मी बसवतो तिले.

थंडीत डोकं बांधत जाय. इकडच्या साऱ्याइची माया तुह्यासंगं हाये.

तुही,
सिंधूआत्या


पिंपळगाव राजा
२३ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुश्रीस,
आत्याचा जय भीम व आशीर्वाद.

जानेवारीचं पत्र भेटलं. तू पान भरून मायची माफी मागतली, ते सारं तिले वाचून दाखवलं. म्हने, एवढ्या दूर जाऊन अभ्यास सोडून हे काय लिहित बसली. पन मंग तोंड धुवाले गेली अन् लय वेळ आलीच नाही.

वहिनी रागीट विद्यार्थीन हाये. ‘ळ’ दोनदा चुकला त पाटी ढकलून देल्ली. दुसऱ्या दिवशी पाहतो त परातीतल्या पिठात बोटानं ‘ळ’ काढून ठेवेल.

ग्रामसभेत रजिस्टर आलं, त त्या मानसानं सवयीनं शाईचा डबा पुढं केला. वहिनीनं तो मागं सरकवला अन् पेन मागतला. ‘रेणुका दयाराम’. साऱ्या बाया थांबून राह्यल्या तवरोक. दादा टोपी काढून हातात धरून बसला होता.

सरळ शब्द वाचते आता. जोडाक्षर आलं का अडते. म्हने, हे अक्षर दुसऱ्याच्या खांद्यावर काऊन बसलं?

तवा तू आता तिले पत्र धाड. माह्या नावानं नाही, तिच्या नावानं. मी मधात बोलनार नाही. फक्त जोडाक्षर घालू नको.

आपला जीव एकमेकीत असाच राहो.

तुही,
सिंधूआत्या


१६-३-२०२५

आई,
जय भीम.

मी मंजू.
हा कागद तुहा हाये. आधी तू वाच. मंग बाबाले दाखव.

इकडं बरं हाये. थंडी कमी झाली. झाडाले फुलं आली. मी रोज जेवतो.

परवा माहा निकाल लागला. मी पास झाली. पहिली नाही आली, पन पास झाली. तुले कोनी शिकवलं, असं सरांनी विचारलं. मी उठून तुहं नाव सांगितलं. रेणुका.

आई, पानी तू भरे, हे मले कोनी सांगितलं नाही. दोघी आत बसून शिकलो. तू बाहेर होती. तुहे हात दुखले असतील. तू कधी बोलली नाही.

मी जून लागला का येतो. तवा लय बोलू.

घाई करू नको. एक एक ओळ वाच. दमली त ठेव, सकाळी वाच.

माया हाये, अशीच राहू दे.

तुही,
मंजू