आईची जोडवी

कोल्हार, बुधवार, १४ मार्च १९७३

आज सोनाराने आईची जोडवी कापली. पायाची बोटं इतकी सुजलीत की साबण लावूनही ती निघेनात. वडील शेजारीच उभे होते. नवरा समोर असताना बाईच्या पायातली जोडवी कापायची वेळ आली, ती माझ्यामुळे.

धाकट्या भावाला भेटून परवा लंडनहून येताना विमानातल्या त्या अरुंद खुर्चीत आई मांडी घालून बसली होती, घरी बसते तशी. शेजारचा गोरा बघतोय असं मला वाटलं. खरंच बघत होता का तो? मी म्हणालो, "आई, पाय खाली सोड. बरं दिसत नाही."

"लोंबतं ठिवलं की पाय भरून येत्यात रं," म्हणाली, पण सोडले. मी खुशाल झोपलो. मुंबईपर्यंत ती तशीच.

सोनाराला मात्र तिने सांगितलं, "इमानातली हवाच तशी आसती." जोडवी पदरात बांधून घेतली. माझ्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी ओसरीवरच्या बाजेवर बसली होती, पाय खाली सोडून. स्वतःच्या घरात. मी जवळ गेलो तर तिने हळूच विचारलं, "आता घिऊ का रं पाय वर?"