चौथा भाग वर्षभर उशिरा आला

प्रिय आई,

तुमचा ई-रीडर मी अधूनमधून चार्जिंगला लावते. आज सकाळी लावला, तर त्यावर सूचना आली: त्या कादंबरीचा चौथा भाग आता इथेही मिळतोय. आता! तुम्हाला जाऊन सात महिने झाल्यावर! मी आज रजा टाकली आणि तो वाचून काढला. आता तुम्हाला लिहायलाच हवं, कारण मी तुमच्याशी एक खोटं बोलले होते.

छापील अक्षर आता विसरा, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले तो दिवस आठवतो? जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला असं सांगतात का हो? मग तुमच्या लेकाने, सुहासने, हा रीडर आणला. अक्षर एवढं मोठं केलं की पानावर जेमतेम सहा ओळी मावायच्या. तशी सहा-सहा ओळींची पानं उलटत तुम्ही तीन भाग संपवलेत. कादंबरीतल्या रेवतीने लेकीला मागे ठेवून घर सोडलं, तेव्हा तुम्ही दिवसभर माझ्यावरच चिडलात. "निदान चिठ्ठी तरी ठेवायची!" जसं काही मीच गेले होते!

चौथा भाग निघाला, पण एकाच ऑनलाइन दुकानात. तुमच्या रीडरवर तो उघडेना. त्या दुकानाचं अॅप फोनवर चालायचं, पण तुम्हाला दिसेल एवढं अक्षर मोठं केलं की ओळीत दोनच शब्द उरायचे. तुम्ही चष्मा काढून ठेवलात आणि म्हणालात, "मुग्धा, कागद घे."

"लिही. महोदय, मी फुकट मागत नाही. भाजी मंडईतून घेतली, म्हणून ती मंडईतच बसून खायची का?"

"आई, असं लिहायचं?"

"अगदी असंच."

प्रकाशकांचं उत्तर आलं. करार आहे, वर्षभर दुसरीकडे देता येणार नाही, आपल्या प्रेमाबद्दल आभार.

"वर्षभर थांबा म्हणताना माझं वय विचारलं का त्यांनी?" तुम्ही म्हणालात. मी हसले. तेव्हा मला तो तुमचा नेहमीचा तिरकसपणा वाटला.

मी फोनवरून वाचून दाखवते म्हटलं, तर आधी तुम्ही नकोच म्हणालात. "तू ऑफिसचा ईमेल वाचल्यासारखं वाचतेस." आठवड्याने स्वतःच म्हणालात, "वाच बाई, कसंही वाच." दोन प्रकरणं झाली. मग माझं काम वाढलं. रविवारी बसू, म्हणाले. असे किती रविवार गेले, आई? तुम्ही एकदाही आठवण का नाही करून दिलीत? एरवी दुधाची पिशवी विसरले तरी ऐकवायचात!

मग हॉस्पिटल. दुपारी भेटायची वेळ होती. तुम्ही हळूच विचारलंत, "रेवती शेवटी परत येते का गं?"

मी पुढे वाचलंच नव्हतं. तरी म्हणाले, "येते ना. लेक तिला आत घेते. दोघी पन्हं पीत बसतात."

"पन्हं?" तुम्ही डोळे मिटलेत. "या लेखिका नाही पाजायच्या कुणाला पन्हं." थोड्या वेळाने माझा हात धरलात. "पण सांग. पुढे सांग."

मी सांगत राहिले. वेळ संपली म्हणून नर्सने उठवलं, तोपर्यंत. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आज कळलं, रेवती परत येत नाही. लेकच तिला शोधत जाते. कुणीतरी दार उघडतं आणि सांगतं की त्या आता इथे राहत नाहीत. बस, एवढंच. मला रडू आलं, आणि तुमचा रागही आला. माझं खोटं ओळखलं होतंत, तर मला रागावला का नाहीत?

शेवट दुःखाचा असला, तरी तो वाचायचा हक्क तुमचा होता. तीन भाग तुम्ही कष्टाने वाचले होते. त्याच्या जागी मी तुम्हाला माझ्या पदरचं काहीतरी दिलं. त्यांनी करार पाळला; मी रविवार पाळला नाही. चूक फक्त त्यांची, असं मला म्हणवत नाही.

पण त्यांना हे कळायला हवं. उद्या मी त्या लेखिकेला आणि प्रकाशकांना लिहिणार आहे, या वेळी माझ्या नावाने. "आमच्या घरातल्या एका वाचकाला तुम्ही थांबायला सांगितलंत आणि तिला थांबता आलं नाही," एवढंच लिहीन. आभाराचं पत्र आलं तर पुन्हा लिहीन. कुणीतरी तुमचं नाव विचारेपर्यंत लिहीत राहीन, आई.

तुमची,
मुग्धा